अंबाडीचा वास, सोसायटीचं पत्र आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी आमच्या हॉलमधल्या एका कापडाबद्दल लिहिलं होतं. मांजरपाटावर अंबाडीच्या वाखाने (म्हणजे सालीतून काढलेल्या धाग्याने) आणि केळीच्या दोऱ्याने भरलेलं, खाली कांद्याच्या टरफलात रंगवलेल्या सुतळीची विणलेली पट्टी, दुकानातून आणलेलं काय तर फक्त कापड, सुई आणि बारीक सुती दोरा. त्यावर एवढी पत्रं आली की संपादकबाई म्हणाल्या या वेळची सगळी पानं यालाच देऊन टाका. म्हणून निवडक घेतलीत. नावं मुद्दाम छापली नाहीयेत, का ते पहिल्याच पत्रात कळेल.

ताई, तुमचं वाचून निफाडला भावाच्या बांधावरून अंबाडीच्या दोन पेंढ्या आणल्या आणि बाल्कनीत ड्रममध्ये भिजत घातल्या. पाचव्या दिवशी असा वास सुटला की खालचे काका ड्रेनेज फुटलंय का बघायला वर आले. आता सोसायटीचं लेखी पत्र आलंय आणि सासूबाई माझ्याशी मोजकंच बोलतायत. फेकून देऊ का सगळं? (सिडको)

अगं फेकू नकोस! एवढा वास सोसलास तर आता थोडक्यासाठी कशाला सोडतेस. पण निफाडला भावाची एवढी जागा असताना तू तो ड्रम सिडकोत तिसऱ्या मजल्यावर आणलासच का, हे मला कळलेलं नाही.

आधी आत काय चाललंय ते सांगते म्हणजे पुढचं तुझं तुलाच कळेल. अंबाडीचा धागा असतो सालीत, आणि तो आतल्या काडीला पेक्टिन नावाच्या चिकट्याने चिकटलेला असतो. पाण्यातले जिवाणू तो चिकटा खातात, धागा मोकळा होतो, आणि वास येतो तो त्यांच्या जेवणाचा. ऑक्टोबर हीटमध्ये आठ-दहा दिवसांत काम होतं, थंडीत पंधरा-वीस दिवसपण लागतात. सातव्या दिवसापासून रोज एक काडी बाहेर काढायची आणि बुडखा मोडून बघायचा, साल मोज्यासारखी सटकन निघून आली की त्याच दिवशी सगळं बाहेर. इथे आळस केलास तर जिवाणूंचा चिकटा संपतो आणि ते धाग्याकडे वळतात, मग हातात येतो तो वाख नाही तर ओली वाळवी लागल्यासारखा चोथा. माझा पहिला घाणा असाच गेलाय, लग्नाला गेले होते तीन दिवस.

आत्ता लगेच काय करायचं, तर अर्धं पाणी काढून ताजं भर (सगळं बदलू नकोस, जिवाणू पण जातील), वर ओलं गोणपाट आणि त्यावर झाकण. काढलेलं पाणी भरपूर पातळ करून झाडांना घाल, गटारात नको आणि गोदावरीत तर अजिबातच नको, कुजवणीचं पाणी पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मासे मरतात.

पुढच्या वेळी मात्र अख्ख्या काड्या भिजवूच नकोस. ताज्या असतानाच साल सोलून घे, आपल्याकडे त्याला सोलच म्हणतात, आणि फक्त सोल बादलीत घाल. जागा एकदम कमी लागते, दिवस कमी, वास पण बराच कमी. किंवा धुण्याच्या सोड्यात (लिटरला दोन चमचे) दोनेक तास उकळ, धागा थोडा राठ येतो पण सासूबाई बोलतात. आमच्या माहेरी दिंडोरीला तर पोळ्याआधी आजोबा सोल नुसते वाळवून, पाणी मारून, बैलांचे कासरे वळायचे, कुजवायची भानगडच नाही. दोराला चालतं ते, सुईत घालायला नाही.

आणि हो, अंबाडी फुलायला लागली की कापायची. बी धरेपर्यंत थांबलात तर लाकूड होतं. लाल बोंडांची अंबाडी, जिचं सरबत करतात, तिचाही वाख निघतो, बऱ्याच जणींनी विचारलंय म्हणून सांगितलं.

लासलगावच्या मावशीकडून पोतंभर कांद्याची टरफलं आणली. रंग काय सुंदर आला म्हणून सांगू, आणि पहिल्याच धुण्यात निम्मा वाहून गेला. तुरटी घातली होती हो. हळद आणि बीट पण करून पाहिलं, हळदीचा रंग खिडकीत आठ दिवसांत उडाला आणि बीटचं तर विचारूच नका. (पंचवटी)

नाही विचारत. बीट म्हणजे रंग नाही, बीट म्हणजे कोशिंबीर. हळद धुण्यात एक वेळ टिकते पण उन्हात नाही, तिला भिंतीवर लावायचं नाही एवढंच लक्षात ठेवा.

कांद्याचं मात्र तुमचं चुकलंय ते दुरुस्त होण्यासारखं आहे. तुरटी लोकरीला आणि रेशमाला आपली आपण चिकटते. सूत, अंबाडी, केळी, ताग ही सगळी झाडाची जात, त्यांना तुरटी धरवतच नाही, मध्ये कुणीतरी मध्यस्थ लागतो. तो म्हणजे हिरडा. हिरड्यातला तुरटपणा धाग्याला धरतो, तुरटी हिरड्याला धरते आणि रंग तुरटीला.

शंभर ग्रॅम कोरड्या वाखाचं माझं प्रमाण असं, आधी सोडा घालून तासभर उकळून स्वच्छ धुवायचा, नाहीतर सालीतला तेलकटपणा रंगाला आत शिरूच देत नाही. मग वीस ग्रॅम हिरडा पावडर गरम पाण्यात, त्यात वाख रात्रभर. सकाळी नुसता पिळायचा, धुवायचा नाही (इथेच सगळ्या चुकतात, हात शिवशिवतात धुवायला). मग पंधरा ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात पाच-सहा तास, आणि सावलीत वाळवायचा. टरफलं वाखाच्या वजनाएवढी घ्या, तासभर उकळा, गाळा, त्यात वाख घालून मंद गॅसवर अजून एक तास, आणि गॅस बंद केल्यावर त्याच पाण्यात गार होऊ द्या. लगेच काढायची घाई करायची नाही.

याच पाण्यात शेवटी हिराकस (लोखंडाचा क्षार) चिमूटभर, म्हणजे शंभर ग्रॅम वाखाला दोनच ग्रॅम, घातला की केशरी-तपकिरी जाऊन मेंदीच्या पाल्यासारखा हिरवट येतो. जास्त घालू नका, लोखंड धागा खातं, वर्षभरात तुटायला लागतो. काळा हवा असेल तर गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून पंधरा-वीस दिवस ठेवा, कलमकारीवाले काळा असाच करतात, आणि हिरडा लावलेल्या कापडावर तो लावला की डोळ्यांदेखत काळा होतो, ते बघायला मला अजून लहान पोरासारखी मजा येते.

डाळिंबाच्या साली मिळाल्या तर कांद्यापेक्षा सोप्या, त्यांच्यात तुरटपणा आयताच असतो, हिरडा नाही लावला तरी चालतं. सटाणा-मालेगावकडे कुणी ओळखीचं असेल तर ज्यूसवाल्याला सांगून ठेवा. झेंडू दसऱ्यानंतर फुकट. फाल्गुनात पळसाचा पिवळा येतो तो फार गोड असतो पण उन्हाला घाबरतो. आणि भांडं स्टीलचं, रंगाचं वेगळं, त्यात परत वरण नाही.

मी फाइन आर्टला आहे, प्रोजेक्टसाठी नेटिव्ह फायबर हवेत. आम्ही चार जण अंजनेरी आणि ब्रह्मगिरीला जाऊन झाडं गोळा करणार आहोत, तिथून नांदूर मधमेश्वरला पाणकणीस घ्यायला. काय काय मिळेल त्याची यादी द्याल का? (गंगापूर रोड)

देते, यादीत पहिलं मिळेल ते वनखात्याचं बोलावणं.

बाळांनो, अंजनेरी संरक्षित आहे. तिथल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला अंजनेरीचंच नाव आहे कारण ती तिथेच पहिल्यांदा सापडली, आणि गवत उपटता उपटता तुमच्या हातात काय येईल हे तुम्हाला कळणारही नाही. नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. अभयारण्यातून पान न् काडी उचलायला परवानगी लागते, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे तो. शिवाय त्या पाणकणसात पक्षी घरटी करतात.

आणि खरं सांगू का, डोंगरावर जायची गरजच काय? मला या सगळ्या फॅशनमधली हीच गोष्ट खटकते, की रानातून आणलेलं म्हणजेच काहीतरी ग्रेट. नाशिकमध्ये इतका धागा रोज कचऱ्यात जातो की तुमच्या चार वर्षांच्या कोर्सला पुरून उरेल.

एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते, काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात, शेतकरी वाट बघत असतो कोण नेतंय. ताज्या असताना वळतात, गोल फ्रेम करा, टोपलीचा सांगाडा करा, जुन्या खोडाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते ती विणकामात आडवी घाला. फक्त द्राक्षावर फवारे भरपूर असतात, तेव्हा आधी दोन पाण्यांनी धुवा आणि हातात ग्लोव्हज.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रविवार कारंजावर एक चक्कर मारा. आपट्याच्या फांद्या पायदळी पडलेल्या असतात. आपट्याच्या सालीचे पूर्वी दोर वळायचे, एवढी चिवट असते. ओली आहे तोवर सोला, दुपारपर्यंत वाळली की हट्टाला पेटते. (त्यातला निम्मा कांचनच असतो, पण सोनं म्हणून दिलंय तर आपण का बोला.)

घायपात बांधाला आणि रेल्वेलाइनच्या कडेला, मूळचं मेक्सिकोचं, आता इथलंच झालंय. रेल्वेच्या हद्दीत नका शिरू, शेतकऱ्याला विचारून बांधावरचं घ्या. पान ठेचून, पाटावर बोथट सुरीने घासत गर काढायचा, रसाने अंगाला खाज सुटते म्हणून फुल बाह्या. शंभर किलो पानांत जेमतेम चार किलो वाख निघतो, तेव्हा उत्साह बेताने.

रुईच्या खोडाचा धागा सगळ्यात देखणा, रेशमासारखा चमकतो, पण तो चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. गॉगल लावल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. शेंगेतला रुईचा कापूस हलका आणि गुळगुळीत, एकटा कातला जात नाही, साध्या कापसात मिसळून थोडाफार जमतो.

रानातलंच हवं असेल तर पेठ, हरसूल, सुरगाण्याच्या आठवडे बाजारात जा. मुरुडशेंगेच्या सालीचा दोर वळणारी माणसं आहेत तिकडे, गौण वनउपज गोळा करायचा हक्क त्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलाय, तुम्हाला नाही. त्यांच्याकडून विकत घ्या, घासाघीस न करता, आणि जमलं तर शेजारी बसून वळायला शिका. तुमच्या प्रोजेक्टला त्यानेच वजन येईल.

गोदावरीतल्या पाणवेलीचं (जलपर्णीचं) काही करता येतं का? एवढी असते की पाणी दिसत नाही. (नाशिकरोड)

येतं. देठांची विणकामात आडवी भरणी छान होते, टोपल्या, मॅट, भिंतीवरचं जाडसर काम. पण ओल्या पाणवेलीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, गाडीभर आणाल आणि वाळल्यावर पिशवीभर उरेल. लांब देठ निवडा, पानं-मुळं तिथेच कापा आणि काठावर लांब टाका, घरच्या बादलीत किंवा गावच्या तळ्यात एक तुकडाही नेऊ नका, तेवढ्यातून ती परत पसरते. नदीत सांडपाणी मिसळतं हे तुम्हालाही माहितीये, तेव्हा गमबूट आणि ग्लोव्हज. कडक उन्हात वाळवा, सावलीत काळी पडते आणि बुरशी धरते. विणताना पुन्हा ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची, कोरडी वाकवली की कडाकडा मोडते.

जुन्या फोटोफ्रेमला खिळे मारून माग केला. घायपाताचाच ताणा, घायपाताचाच बाणा. ताणा सारखा तुटतोय नाहीतर सैल पडतोय. घरी तीन पिढ्यांचा पैठणीचा माग आहे, सासरे बघून हसतात. (येवला)

त्यांना हसू द्या आणि मग चहा देऊन त्यांनाच विचारा, घरात एवढी विद्या असताना मला कशाला पत्र लिहिता!

ताणा म्हणजे उभा धागा, बाणा म्हणजे आडवा. ताणा सगळा ताण सोसतो, त्याला एकसारखा पिळाचा धागा लागतो. हाताने काढलेला वाख एका जागी जाड, एका जागी बारीक, बारीक जागी तुटणारच. ताण्याला सरळ दोन-तीन पदरी सुती दोरा लावा, यात काही कमीपणा नाही, आणि गोळा केलेलं सगळं बाण्यात येऊ द्या. बाण्याला ताण नाही, तिथे गवत चालतं, कणसाची पानं चालतात, काडी पण चालते.

आणि पैठणीचं तंत्र तर याला अगदी फिट्ट बसतं. पदरावरच्या मोरासाठी प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (दोऱ्याची छोटी कांडी) असते ना, आणि दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात, ते कडियाल. आडवा धागा नेणारा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही. तुम्ही तेच करा, फक्त रेशमाच्या जागी इथे अंबाडी, तिथे केळी, मध्ये रंगवलेला ताग. प्रत्येक धाग्याची जाडी वेगळी असली तरी आपापल्या कोपऱ्यात बसतो, ओढाताण होत नाही. सासऱ्यांना एवढंच म्हणा की मोर नको, द्राक्षाचं पान काढून द्या. बघा हसतात का.

केळीचा धागा सुईत घातला की दोन टाक्यांत फिसकटतो. भरतकाम करायचं तरी कसं? (जेल रोड)

तुम्ही बहुतेक हातभरापेक्षा लांब घेताय. वीतभर, फार तर दीड वीत, धागा ओलसर, मेणावरून एकदा ओढून घेतलेला, आणि सुई मोठ्या नेढ्याची, गोधडीची. कापड जाड असेल तर आधी दाभणाने भोक पाडा, म्हणजे धाग्याला प्रत्येक वेळी कापडाशी भांडावं लागणार नाही. कापडातून जितक्या वेळा जाईल तितका तो पिंजणार, म्हणून धावदोरा, उलटी टीप ठीक आहे पण दाट साखळी आणि गाठीचे टाके यात घालायला जाऊ नका.

त्याहून सोपं म्हणजे धागा आत घालायचाच नाही. वाखाची बट कापडावर हवी तशी ठेवा, आणि बारीक सुती दोऱ्याने वरून छोटे आडवे टाके घेत बांधत चला, जरदोसीवाले जर बांधतात तसं. नदीचं वळण, गवताची पाती, पावसाच्या रेघा, याने जे येतं ते दुकानातल्या कुठल्या रेशमी लडीने येत नाही. माझ्या कापडात ऐंशी टक्के हेच आहे, उगाच सगळ्यांना वाटलं मी फार बारीक भरलंय.

धागा जोडायचा कसा हेही दोघींनी विचारलंय. दोन बटा मांडीवर एकाच दिशेला वळायच्या आणि सोडताना एकमेकींवर उलटा पीळ पडू द्यायचा, दोन पेडी दोरा तयार. एक पेड संपायच्या चार बोटं आधी नवी बट आत घालायची, दोन्ही पेड एकाच जागी संपू द्यायचे नाहीत. गाठ दिसली तर दिसली हो. जपानमध्ये ओकिनावाला किजोका गावात केळीच्या धाग्याचं बाशोफू नावाचं कापड करतात, तिथे धागे चक्क गाठी मारून जोडतात आणि ते कापड जगभर नावाजलेलं आहे.

केळ सोलताना जुने कपडे घाला, तो डाग आयुष्यभराचा असतो. आतल्या सोपटांचा धागा मऊ, बाहेरचा राठ, वेगवेगळे ठेवा.

मागच्या श्रावणात केलेलं वॉलपीस या पावसाळ्यात मागून काळं पडलंय, आणि छोटे चंदेरी किडे. (घोटी)

घोटीचा पाऊस, तुमची काही चूक नाही. तरी दोन गोष्टी विचारते, मागे खळ लावून कापड चिकटवलं होतं का, आणि पीस थेट भिंतीला टेकलंय का? चंदेरी किडे म्हणजे कसर, ती खळीवर जगते. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी, पण ते विष आहे, घरात पोरं असताना मी सांगणार नाही. खळच नको, टाके घालून शिवा.

आता ते काढून कोरड्या ब्रशने बुरशी झटका, घराबाहेर, नाकाला रुमाल लावून. तासभर ऊन द्या, जास्त नको, ताग-अंबाडी उन्हाने पिवळी पडते. मग प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून चार दिवस डीप फ्रीजरमध्ये, किडे आणि बरीच अंडी मरतात, पिशवी उघडायची ती पूर्ण रूम टेंपरेचरला आल्यावरच. परत टांगताना मागे बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि कापड यात बोटभर हवा खेळेल. काच लावायची असेल तर काच धाग्याला टेकता कामा नये. आणि जून ते सप्टेंबर सरळ उतरवून सुती कापडात गुंडाळून ठेवा, माळ्यावर नाही, कपाटात.

काळा डाग जाणार नाही. त्यावर काळ्या सुतळीचा ढग बांधून टाका, घोटीत ढग शोभेल.

एका प्रदर्शनात स्टॉल लावला होता. लोक म्हणतात झाडपाला तर फुकट मिळतो मग अडीच हजार कशाचे? काय उत्तर द्यायचं? (इंदिरानगर)

पुढच्या स्टॉलवर टेबलाच्या कोपऱ्यात एक सुकलेलं घायपाताचं पान, एक बोथट सुरी आणि एक पाट ठेवून द्या. विचारलं की म्हणायचं, काढा ना एक धागा, मी तोवर चहा घेऊन येते.

मी हे केलंय. एक काका पंचवीस मिनिटं घासत होते, घेतलं काहीच नाही, पण बायकोला म्हणाले अगं अडीच हजार कमीच आहेत.